काट्याचा जुना व्हीबी ६ प्रोग्राम: थेट विंडोज ११ वर की एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जळगाव, जामनेर, चोपड्याकडच्या जिनिंगमध्ये नवे कॉम्प्युटर आले. वजनकाट्याची पावती काढणारा प्रोग्राम मात्र बऱ्याच ठिकाणी अजून व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलाच. माझा कौल आधीच सांगून टाकतो: काट्याला जोडलेल्या मशीनवर थेट विंडोज ११, आणि कोडची दुरुस्ती करणाऱ्याकडे व्हर्च्युअल मशीनमधली (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधली) जुनी विंडोज एक्सपी.

व्हीबी ६ च्या एडिटरचा (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा) सपोर्ट २००८ मध्येच बंद झाला, पण तयार प्रोग्राम चालवायला लागणारा रनटाइम विंडोज ११ सोबत आजही येतो. त्यामुळे प्रोग्रामची एक्सई फाइल सहसा उघडते. अडतं ते ओसीएक्सवर, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफाइल्सवर. सीरियल पोर्टवरून काट्याचं वजन वाचणारी एमएसकॉम३२ ही ओसीएक्स नसेल तर एरर ३३९ येते. ही फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकायची नाही. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट फाइल्स सिसवाव६४ मध्ये राहतात (नावं उलटी वाटतात, पण आहेत तशीच). तिथे टाकून अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून रजिस्टर करा.

दुसरी गोची पोर्टची. नव्या मशीनला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लागतो. विंडोजने त्याला कॉम १७ हा पोर्ट नंबर दिला तर एमएसकॉम तो उघडतच नाही. त्याची मजल १६ पर्यंतच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधून कॉम ३ किंवा ४ करून घ्या. जुन्या पीएल२३०३ चिपचा कन्व्हर्टर असेल तर त्याच जागी 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असा मजकूर दिसतो. मग ड्रायव्हर शोधत बसू नका, एफटीडीआय चिपचा घ्या.

सगळ्यात फसवा प्रकार डेटा 'गायब' होण्याचा. प्रोग्राम आणि एमडीबी (नोंदी साठवणारी डेटाबेस फाइल) 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्ये असेल तर साध्या लॉगिनने केलेल्या नोंदी गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. कोणी 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' केलं की मूळ, जुनी फाइल उघडते. मुनीम म्हणतो पावत्या उडाल्या; उडालेलं काहीच नसतं. सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून दोन्ही तिथे ठेवा.

आता व्हर्च्युअल मशीन. एडिटरसाठी हीच बरी. विंडोज ११ वर फॉर्मवरचं बटण सरकवताना स्क्रीन अडखळते. एडिटरच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत १६-बिट रंग निवडले की बरंच सुधारतं, पण एक्सपीत ती कटकटच नाही. एक जीबी रॅम पुरते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू आहे असं समजा. सगळं रेंगाळण्याचं कारण तेच. एक्सपीला इंटरनेट अजिबात देऊ नका.

काट्यावर मात्र व्हर्च्युअल मशीन नको. एमडीबी आतच असेल आणि कोणी कालच्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या साठवलेल्या कालच्या स्थितीवर) परत गेलं, तर आजची वजनंही गेली. शिवाय काटा आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बिघडू शकणारा आणखी एक थर येतो, आणि गाड्या रांगेत उभ्या असताना तो शोधायला वेळ कोणाला?

डॉट नेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मवर) प्रोग्राम नव्याने लिहिणं हा तिसरा मार्ग. पण आपोआप बदलून देणारा विझार्ड व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून काढून टाकलाय, म्हणजे काम हातानेच. ते करायचं असेल तर आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), काटा रिकामा असताना काढा.