आजोबांचा व्हॉल्व्हवाला रेडिओ की नवा ट्रान्झिस्टर?

फोंड्याची चुलत बहीण विचारतेय, आजोबांचा रेडिओ दुरुस्त करू की नवा घेऊ. खर्चात नवाच स्वस्त, जुन्याचे व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) आणि कारागीर दोन्ही शोधत फिरावं लागतं, त्यात आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आतले कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) खराब होतात. लाइट गेली की बंदच, नवा सेलवर चालतो. पण आवाज! पणजी केंद्रावरची नाट्यगीतं, कोंकणी बातम्या ज्या भरदार आवाजात ऐकत आम्ही सगळी भावंडं वाढलो तो लाकडी पेटीचा आवाज छोट्या स्पीकरला जमतच नाही गं. जुन्यावर एफएम बहुतेक नसतं, आणि नव्यात मीडियम वेव्ह (एफएमहून वेगळा, जुन्या रेडिओवरचा पट्टा) आहे का ते बघून घे. रोज स्वयंपाकघरात लावायला नवा, काकांना त्यांचं लहानपण परत ऐकवायचं असेल तर जुनाच दुरुस्त कर.