रविवारी मिळालेलं परमिट आणि आमचे 56,200 रुपये

एकतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरवर बसून लोकांना 'ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणून घसा कोरडा केला. तोच मी हिमाचलातल्या किन्नौरला जाऊन 56,200 रुपयांना बुडालो, आणि तेही साडूसमोर. म्हणून गेले दीड महिने गप्प होतो.

बेत साधा होता. शिमला, नारकंडा, सराहन, सांगला, कल्पा, पुढे नाको-ताबोवरून काझा. धावपळ नाही, जिथे आवडेल तिथे जास्त थांबायचं. चौघेही साठीच्या पुढचे, त्यामुळे रस्ते माहीत असलेला तिथलाच माणूस हवा होता. फेसबुकवर एक सापडला, गाइड आणि ड्रायव्हर एकच. गोड बोलणारा. "अंकलजी, टेन्शन मत लो, आप हमारे मेहमान हो." गाडीचे आगाऊ 18,000 दिले, हॉटेलांचे 26,400. सगळं यूपीआयने, त्याच्या खासगी खात्यावर. शिमल्यात गाडी आली ती पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी. टॅक्सीची पिवळी कुठे, विचारलं, तर 'सर्विसिंगला'. मी मान डोलावली. पांढरी पाटी दिसली की सामान चढवूच नका, पुढचं काही ऐकायची गरज नाही.

पण खरी माती खाल्ली ती रामपूरला. पुढे सीमाभाग लागतो, इनर लाइन परमिट काढावं लागेल, माणशी 1,200, असं म्हणत त्याने चौघांची आधार कार्डं घेतली आणि आम्हाला चहाच्या टपरीवर बसवलं. वीस मिनिटांत शिक्का मारलेला कागद घेऊन हजर. 4,800 रुपये रोख. त्या दिवशी रविवार होता. रविवार! कुठलं सरकारी ऑफिस रविवारी वीस मिनिटांत शिक्का मारून देतं? जन्म शिक्के मारण्यात गेला माझा, आणि मी त्या कागदाची घडी घालून पाकिटात जपून ठेवली. बायको म्हणाली होती, "अहो, आज सुट्टी ना?" मी तिलाच गप्प केलं. भारतीयांना किन्नौर-स्पीतीसाठी हे परमिट लागतच नाही, ते परदेशी लोकांना लागतं. आता सगळे म्हणतात, 'गूगल करायचं ना'. सतलजच्या दरीत रेंज असते का हो?

सराहन आणि सांगल्याला खोल्या मिळाल्या, हे कबूल करतो. त्यामुळेच तर विश्वास वाढला. छितकुलला त्याने माझ्या डोक्यावर हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी चढवून आमचा फोटोही काढला. कल्प्यात मात्र हॉटेलवाल्याने वही उलटी करून दाखवली, आमचं नाव नाही. आमचा गाइड म्हणे, काझ्याच्या वाटेवर मलिंग नाल्याला दरड कोसळली, रस्ता बंद, पलीकडून दुसरी गाडी बोलवावी लागेल, 7,000 द्या. दिले. सकाळी उठून पाहतो तर किन्नर कैलास समोर लख्ख उभा आणि गाडी गायब.

खाली रेकाँग पिओच्या बसस्थानकावर गेलो, तर काझ्याची एसटी (म्हणजे तिथली सरकारी बस) रोजच्यासारखी भरत होती. कंडक्टरला परमिट दाखवलं तर तो पोट धरून हसला.

चौकीत सांगितलं, 'पैसे पुण्यातून पाठवलेत ना, तिकडे तक्रार करा.' पुण्यात सांगितलं, 'घटना हिमाचलची, तिकडे जा.' झिरो एफआयआर (घटना कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती तक्रार) म्हणालो, तर साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की चूक माझीच. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. हेच वाक्य मी किती खातेदारांना ऐकवलं असेल, देव जाणे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण आठ दिवसांनी. तोवर खातं रिकामं झालं होतं. तुम्ही त्याच तासात करा, लाजत बसू नका. आणि हॉटेलला स्वतः फोन करून बुकिंग विचारा, मी 'त्याला वाईट वाटेल' म्हणून केला नाही.

पाच तक्रारी झाल्या, एकीचंही उत्तर नाही. त्याचा नंबर मात्र अजून चालू आहे. परवा साडूंनी त्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस दाखवलं: छितकुलचा आमचाच फोटो, खाली 'हॅपी गेस्ट्स फ्रॉम पुणे'. तो फोटो कुणाला जाहिरातीत दिसला, तर हिरव्या टोपीतला दात काढून हसणारा म्हातारा मी आहे.