सागवानी कडीपाटावरची बुरशी: टाकणखार-बोरिकचं द्रावण एका पावसाळ्यानंतर

जुन्या पेठेतल्या वाड्याचा सागवानी कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत), तुळया आणि दारांच्या चौकटी यांना मे महिन्यात टाकणखार आणि बोरिक पावडरचं द्रावण दिलं होतं. आता दिवाळी उलटली, म्हणजे पुण्याचा अख्खा पावसाळा त्यावरून गेला. कोरड्या छपराखालच्या लाकडावर या द्रावणाचं काम चोख आहे. जिथे पाणी मुरतंय तिथे मात्र ते हरतं.

द्रावणाआधी डाग ओळखायला हवा, कारण लाकडावरचा प्रत्येक काळा डाग बुरशीचा नसतो. काडीला कापूस गुंडाळून साध्या ब्लीचचा एक थेंब डागावर टेकवा. एक-दोन मिनिटांत डाग फिका झाला तर बुरशी समजा. तसाच राहिला तर बहुधा लोखंडाचा. लाकडातलं टॅनिन (त्यातला नैसर्गिक तुरट घटक) आणि खिळ्याचा गंज ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा रंग धरतो. खिळे-बिजागऱ्यांभोवतीचे डाग बहुतेक याच जातीचे. पाइनच्या किंवा आंब्याच्या फळ्यांत आतपर्यंत गेलेली निळी-करडी झाक तिसरीच गोष्ट आहे. ती धुऊन जात नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

बुरशी कोरडी झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. मग औषधाच्या दुकानातलं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून लावा, दहा मिनिटं थांबा आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासा. तारेची घासणी अजिबात नको. तिचे कण लाकडात अडकतात आणि पहिल्याच ओलाव्यात नवे काळे ठिपके उठतात. संपूर्ण तुळई ब्लीचने धुण्याचा सल्ला बरेच जण देतात. आम्हाला तो पटत नाही. ब्लीच वरचा रंग घालवतं, त्यातलं पाणी लाकूड पितं, आणि पृष्ठभागाचे तंतू भुरभुरीत होतात.

लोखंडाच्या डागासाठी ऑक्झॅलिक ॲसिड: एक लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम. फक्त डागावर नको, पूर्ण फळीला सारखं लावा, नाहीतर तिथे पांढुरका चट्टा उठून दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून काढा. हे विषारी आहे. वाळलेले स्फटिक राहिले आणि वर पॉलिश पेपर मारला तर ती धूळ छातीत जाते. ब्लीचशी त्याची गाठ कधीच पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. थेंबाची चाचणी केलेली जागा आधी धुऊन घ्या. खाली शहाबादी फरशी असेल तर प्लास्टिक अंथरा. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, ॲसिडचा थेंब पडला की कायमचा डाग.

आता मुख्य द्रावण. पाच लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर. हे प्रमाण सोडू नका: दोन्ही एकत्र असले की एकेकट्यापेक्षा जास्त विरघळतात. गार झाल्यावर तळाशी खडे दिसले तर पुन्हा कोमट करा. दोन्ही वस्तू रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला सुट्या मिळतात. पहिला हात वाळायच्या आत दुसरा द्या. बोरॉन, म्हणजे या दोन्ही वस्तूंतला खरं काम करणारा घटक, ओल्या लाकडातूनच आत सरकतो. ठणठणीत कोरड्या तुळईत तो वरच्या थरातच अडकतो. चौकटींवर दोन दिवस प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर आणखी चांगलं. पांढरी भुकटी वर आली तर ओल्या फडक्याने पुसा. पॉलिशची घाई नको; ओलावा मापकावर 15 टक्क्यांच्या खाली आल्यावरच हात लावा. कच्चं जवसाचं तेल टाळा, ते बुरशीचं खाद्य आहे.

पावसाळ्यात काय दिसलं? कडीपाटाचा मधला भाग आणि आतल्या चौकटी स्वच्छ राहिल्या. भुंग्याचा ताजा भुसाही कुठे पडला नाही. भिंतीत घुसलेल्या तुळयांच्या टोकांवर मात्र ऑगस्टमध्ये करडी लव आलीच. तिथे मापक 24 दाखवत होता, आणि 20 च्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं. कारण भिंतीत आहे: चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर सिमेंट चढवलंय, त्यामुळे भिंतीतला ओलावा बाहेर पडायला लाकडाचीच वाट उरते. टोकांभोवतीचं सिमेंट खरवडून चुना भरणं आणि वरची कौलं नीट बसवणं, हाच तिथला इलाज. द्रावणाचे आणखी हात देऊन उपयोग नाही. पावसाचा मारा थेट बसणाऱ्या सज्ज्यावरही हे वापरू नका, बोरॉन पाण्याबरोबर धुऊन जातो.

भिंतीला टेकलेली कपाटं चार इंच पुढे ओढली, तेवढ्यानेही मागच्या फळ्यांवरची बुरशी कमी झाली. पावसाची झड चालू असताना खिडक्या सताड उघडून लाकूड वाळत नाही, बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा पंखा चालू ठेवा, खिडक्या उघडीप मिळाल्यावर उघडा.

पोळपाट, ओट्याच्या फळ्या अशा अन्नाला लागणाऱ्या लाकडाला हे द्रावण लावू नका, घरात गर्भवती असेल तर तिला या कामापासून लांब ठेवा. उरलेलं द्रावण तुळशीत किंवा कुंड्यांत ओतू नका. एवढ्या बोरॉनने झाडं जळतात. झाकणबंद बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवलं तर पुढच्या मे महिन्यात कोमट करून चौकटींच्या खालच्या वीतभर भागाला पुन्हा देता येतं. फरशी पुसताना पाणी तिथेच लागतं.