20 मिमीचा एक की 12 मिमीचे दोन? तालमीच्या अंतर्गत कॅरम स्पर्धेसाठी बोर्डाची पारख

गणपतीच्या तोंडावर पेठेतल्या तालमीत अंतर्गत कॅरम स्पर्धा ठरली, की पहिला वाद बोर्डावरून होतो. दुकानात ‘टूर्नामेंट’ असं नाव देऊन 8 पासून 20 मिमीपर्यंतच्या प्लायचे बोर्ड मिळतात. दुकानदार सगळ्यात जाडजूड, चकाकता बोर्ड पुढे सरकवतो. तो वाईट नसतोच. पण त्याच्या किमतीत थोडी भर घातली की 12 मिमीचे दोन येतात, आणि अंतर्गत स्पर्धेला हे दोनच जास्त उपयोगी पडतात. ही पारख त्या 12 मिमी बोर्डाची आहे.

आधी नियम. खेळाची जागा साडेत्र्याहत्तर ते 74 सेंटिमीटर चौरस, प्लाय किमान 8 मिमी, पॉकेटचा व्यास 4.45 सेंटिमीटर. म्हणजे 12 मिमीचा बोर्ड नियमात आरामात बसतो. 20 मिमीने खेळ काही वेगळा होत नाही. जाड प्लाय वाकत नाही एवढाच त्याचा फायदा, आणि तो 12 मिमीलाही मिळतो, मात्र मागच्या बाजूला आडव्या-उभ्या पट्ट्या नीट चिकटवलेल्या असायला हव्यात. दुकानात बोर्ड उलटा करून बघायचा. पट्ट्या नुसत्या खिळ्यांवर असतील आणि बोटाने दाबल्यावर हलत असतील, तर तो बोर्ड एका पावसाळ्यात मधे पोट काढणार. घरगुती 4-6 मिमीचे बोर्ड असेच बसतात, मग मधली सोंगटी कुठूनही मारली तरी आपली वाट आपणच धरते.

सपाटी बघायला काही लागत नाही, एक दोरा पुरतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत प्लायला टेकवून ताणून धरायचा, पलीकडून मोबाईलची बॅटरी मारायची. दोऱ्याखालून उजेडाची फट दिसली की तिथं खळगा. दोन्ही कर्ण आणि मधल्या दोन रेषा अशा चार ठिकाणी बघा. त्यानंतर स्ट्रायकर. थोडी पावडर टाकून 15 ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर एका फ्रेमजवळून समोर पूर्ण ताकदीने मारायचा. नियमाप्रमाणे त्याने बोर्डाच्या किमान साडेतीन फेऱ्या मारायला हव्यात. 12 मिमीचे चांगले बोर्ड हे सहज करतात. तीनच्या आत थांबला, तर एक तर पॉलिश चिकट आहे, नाहीतर फ्रेम ढिली आहे.

फ्रेम ढिली आहे का, हे कानाला कळतं. स्ट्रायकर आपटल्यावर टणक ‘टक’ आलं पाहिजे. ‘भद्’ असा पोकळ आवाज आला की तिथं फ्रेम आणि प्लाय यांच्यात फट आहे, आणि त्या जागेवरून रिबाउंड, म्हणजे फ्रेमला आपटून येणारी उसळी, कायम कमी येणार. चारही बाजूंना चार-पाच ठिकाणी मारून बघा. याच दोषावरून भांडणं होतात, कारण तो डोळ्याला दिसत नाही. खेळाडू म्हणतो शॉट बरोबर होता, आणि त्याचं खरंच असतं.

पॉकेटची कड बोटाच्या नखाने फिरवून बघायची. नवीन बोर्डात ती कड कापलेली, कच्ची असेल तर पावसात पहिलं पाणी तिथूनच आत शिरतं. प्लायचे थर फुगतात, पॉकेटच्या तोंडाशी अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा येतो, आणि हळू सोडलेली सोंगटी नेमकी काठावर येऊन बसते. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जेवढा ओलावा असतो तेवढा वर्षभरात दुसऱ्या वेळी नसतो, आणि स्पर्धा तर त्याच दिवसांत. घरी आणल्यावर चारही कडांना ब्रशने पातळ वॉर्निशचे दोन हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. दुकानदाराने करून दिलं असेल तर उत्तम, पण बहुतेक जण करत नाहीत.

दोन बोर्ड एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच प्लायचे घ्यावेत. एक जुना, एक नवा असं चालवलं की कुठल्या बोर्डावर कुणाची मॅच यावरूनच अर्धी संध्याकाळ जाते. एकसारखे असले तरी थोडा फरक राहतोच, म्हणून एक गट पूर्ण एकाच बोर्डावर खेळवावा. गटात सगळ्यांना तोच बोर्ड, तोच रिबाउंड. उपांत्य फेरीपासून बोर्ड नाणेफेकीने.

आता हिशोब, म्हणजे दोन का ते कळेल. 24 नावं आली असं धरा. तिघातिघांचे 8 गट, प्रत्येक गटात 3 मॅच, म्हणजे 24 मॅच. गटात एकच गेम ठेवायचा, 25 गुण किंवा 8 बोर्ड, यातलं आधी होईल ते. इथं बोर्ड म्हणजे सोंगट्या एकदा मांडून संपेपर्यंतचा एक डाव. अशा एका डावाला सरासरी 5 मिनिटं धरली तर गेमला 40 मिनिटं. संध्याकाळी 7 ते 10 मध्ये चार मॅच बसतात. दोन बोर्डांवर आठ, म्हणजे साखळी तीन संध्याकाळींत संपली. चौथ्या दिवशी उपांत्यपूर्व, पाचव्या दिवशी दोन्ही उपांत्य सामने शेजारी-शेजारी, सहाव्याला अंतिम. एकाच बोर्डावर हेच दहा संध्याकाळी चालतं. दहाव्या दिवशी मंडप घालायचा की अंतिम सामना घ्यायचा, असा प्रसंग येतो.

तिघांच्या गटात एक धोका आहे. तिघांनी एकेक जिंकली तर गुणांच्या फरकावर जावं लागतं. म्हणून स्कोअरशीटवर ‘जिंकला’ एवढंच लिहून भागत नाही, 25-9 असं पूर्ण लिहायचं. आणि एकजण एका मॅचला आलाच नाही तर? पंधरा मिनिटं वाट बघून समोरच्याला 25-0 दिलं की त्याचा फरक आभाळाला भिडतो आणि तिसऱ्यावर अन्याय होतो. गैरहजर माणसाच्या दोन्ही मॅच रद्द धरून उरलेल्या दोघांत तीन गेमची एकच मॅच लावणं जास्त न्याय्य. हे ड्रॉ काढण्याआधी फळ्यावर लिहून टाका, नंतर लिहिलं की कुणाला तरी वाचवायला लिहिलं असं होतं.

सरळ बाद पद्धत घेतली तर 24 जणांसाठी 32 ची चौकट लागते, 8 बाय (न खेळता थेट पुढची फेरी) द्यावे लागतात आणि सगळं 23 मॅचमध्ये उरकतं. पण किमान आठ जण एकच मॅच खेळून घरी जातात. वर्गणी दिलेल्या पोरांना ते पटत नाही.

उपांत्य फेरीपासून तीन गेम. तिसऱ्या गेममध्ये एकाचे 13 गुण झाले किंवा 4 बोर्ड संपले की जागा बदलायची, हे पंचाच्या ध्यानात राहत नाही, स्कोअरशीटवर तिथं आधीच रेघ मारून ठेवा. क्वीनचे 3 गुण 21 गुणांपर्यंतच मिळतात, 22 झाले की क्वीन घेऊनही त्याचे गुण नाहीत. आठ बोर्डांनंतर बरोबरी असेल तर एक जादा बोर्ड. प्रत्येक शॉटला 15 सेकंद.

सोंगट्या बोर्डासोबत फुकट येतात त्या स्पर्धेला घेऊ नका. लाकडी सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅमची, व्यास 3.02 ते 3.18 सेंटिमीटर असावी, आणि फुकटच्या संचात पांढरी हलकी, काळी जड असं सर्रास निघतं. संच निवडताना नऊ पांढऱ्या एका रांगेत लावून वरून पट्टी ठेवली की उंचसखल लगेच दिसतं. दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या जादा ठेवा.

स्ट्रायकर खेळाडू आपापला आणतात आणि वाद तिथं असतोच. कमाल वजन 15 ग्रॅम, कमाल व्यास 4.13 सेंटिमीटर. वजन करायला गुजरीतला कुठलाही सराफी काटा दोन मिनिटांत उपयोगी पडतो. पंधराच्या वर गेलेला स्ट्रायकर सरळ पिशवीत. स्पर्धेआधी सगळे एकदाच तपासून मागे मार्करने खूण केली की रोजची कटकट मिटते.

पावडर बोरिकच. टाल्कम पावडर दमट हवेत चिकटते आणि पॉलिशवर पांढरे चट्टे धरते. बोरिकचा डबा मात्र झाकण घट्ट असलेला, नाहीतर दुसऱ्याच दिवशी गोळे होतात. गोळा झालेली पावडर बोर्डावर टाकली की स्ट्रायकर त्यावरून उडी मारतो. चिमूटभर टाकून सुक्या सुती फडक्याने पसरायची. मूठभर टाकली की बोर्ड घसरगुंडी होतो आणि हळू शॉट मारणाऱ्याचं नुकसान होतं. ओलं फडकं कधीच नाही. बोरिक पोटात जाण्याची वस्तू नव्हे, तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापावला हात नको. आणि भडंगाची पुडी बोर्डापासून चार हात लांब: तेलकट बोटाने धरलेला स्ट्रायकर प्लायवर जो डाग पाडतो, तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

बोर्ड टेबलावर किंवा स्टँडवर 63 ते 70 सेंटिमीटर उंचीवर. मांडीवर किंवा पिंपावर ठेवून अंतर्गत स्पर्धा घेऊ नये, कोपर कुठं येतं याचा पंचाला अंदाज लागत नाही. वरती एकच दिवा, शेड असलेला, बरोबर मधोमध, खेळाडूच्या डोळ्यांत न येणारा. भिंतीवरची ट्यूब पुरत नाही, ज्याची पाठ तिकडे त्याच्या डोक्याची सावली थेट बेस लाइनवर पडते. पावसात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर आधी हे दोन दिवे, मग बाकीचं.

12 मिमीच्या बोर्डाच्या दोन तक्रारी आहेत. पहिली, वजन: एकट्याने उचलायला गेलं की फ्रेमला धरून ओढलं जातं आणि कोपऱ्याचे सांधे सुटतात. दोघांनी, खालून धरून. दुसरी, जाळ्या: सोबतच्या सुती जाळ्या दोन आठवड्यांत सैल होतात आणि सोंगटी खाली पडून आवाज करते. नायलॉनच्या लावून घ्या. एवढं सोडलं तर एका तालमीला पुष्कळ वर्षं पुरणारी वस्तू आहे.

स्पर्धा संपली की दोन्ही बोर्ड पावडर झाडून, खेळाची बाजू एकमेकांकडे करून, मधे सुती चादर घालून उभे ठेवा. टेकू भिंतीचा नको, मोकळ्या हवेतल्या कपाटाचा. पुढच्या पावसाळ्याआधी दोरा आणि स्ट्रायकर पुन्हा एकदा लावून बघा.