नळी पाहिली, चेंबर पाहिलंच नाही

22 वर्षं पलटणीत काढली, त्यातली चार कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात. एसएलआर आणि इन्सास रायफली किती वेळा उघडल्या, पुसल्या आणि जोडल्या याचा हिशेब नाही. हवालदार म्हणून घरी आलो तरी गावात सगळे मेजरच म्हणतात. अशा या मेजरच्या गळ्यात एका दुकानदारानं 62 हजारांना आतून सडलेली रायफल मारली. लाजेनं वर्षभर कुणाजवळ बोललो नाही. गेल्या महिन्यात तालुक्यातल्याच एका माजी सैनिकाचा फोन आला, "मेजर, त्या दुकानात एक जुनी 315 आलीय. स्वस्तात देतोय. घेऊ का?" तेव्हा ठरवलं, आता लिहूनच टाकायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. 303 बोअर, म्हणजे थ्री-नॉट-थ्री, आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. लष्करी बोअर सिव्हिलियनच्या हाती नको, हे धोरण इंग्रजांच्या काळापासूनचं. म्हणून 315 आली. काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिकर रायफलीचं, 8 बाय 50 मिलिमीटर, बुडाला कड असलेलं. रायफल बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्याची, आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या घडणीचा. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. या गोष्टीत त्या दोन्ही कारखान्यांचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो, कारण दुकानदारानं पहिलं बोट काडतुसांकडेच दाखवलं होतं.

खरं तर मला एका ओळखीच्या परवानाधारकाकडून घ्यायची होती. पण दोन परवानाधारकांतल्या अशा व्यवहाराला आधी लेखी कळवावं लागतं आणि 45 दिवस थांबावं लागतं. माझ्या लायसन्सवरची खरेदीची मुदत संपत आली होती. दुकानदार म्हणाला, "मेजरसाहेब, माझ्याकडे तयार माल आहे. एका रिटायर्ड साहेबांची, पाच-दहा राउंड पण झाले नसतील." घाई माझी होती, ते त्यानं ओळखलं.

रायफल दिसायला देखणी होती. बाहेरून नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, दस्त्याला पॉलिश. मी बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली आणि तोंडाच्या बाजूनं पाहिलं. आरशासारखी चकाकत होती. तेल लावलं की खराब नळीसुद्धा चकाकते, हे मी स्वतः रंगरुटांना शिकवलंय. तरी चिंदी मारून तेल पुसायला मी सांगितलं नाही. त्यानं पितळेचं डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस काढून दिलं. बोल्ट मागेपुढे केला, लोण्यासारखा चालला. "बघा, चेंबरला आतून क्रोम मारून घेतलंय," म्हणाला. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. बॉडीवरचा नंबर कागदाशी मिळवला आणि सही केली. पावतीवर छापलेलं होतं, "माल तपासून घेतला, जशी आहे तशी." त्याखाली माझी सही, आणि पुढं मीच हौसेनं लिहिलेलं 'माजी हवालदार'.

डमीनं काय कळणार होतं? काहीच नाही. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबानं काडतुसाची पितळेची पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळंच गॅस मागे येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं, पुंगळी भिंत सोडते आणि बोल्टवरचा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, तिला ओढून बाहेर काढतो. भिंत गुळगुळीत असेल तर. भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर पितळ त्या खड्ड्यांत घुसून बसतं, लाकडात खिळा बसावा तसं. डमी कधी फुगतच नाही, त्यामुळं ते कुठल्याही चेंबरमधून सुळकन बाहेर येतं. दुकानातली ही सगळ्यात स्वस्त जादू आहे.

पहिल्यांदा रेंजवर गेलो. पहिले दोन राउंड ठीक. तिसऱ्याला बोल्टची मूठ वर उचलेना. तळव्यानं ठोकून उचलली, मागे ओढली, तर बोल्ट आला आणि पुंगळी आतच. एक्स्ट्रॅक्टर कडेवरून घसरला होता. थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टमध्ये मूठ वर उचलतानाच पुंगळीला पहिला झटका बसतो, ती सैल करण्याचं मुख्य काम तिथंच होतं. तो झटकाच जड जात असेल तर बोंब चेंबरमध्ये आहे हे ओळखायचं. त्यातून 315 ची पुंगळी बुडाकडून तोंडाकडे चांगली निमुळती. अशी पुंगळी जरा हलली की पूर्ण सुटायला हवी. ती अडकते म्हणजे आत काहीतरी फार बिघडलंय.

ती कशी काढली ते सांगतो, कारण रेंजवर अशा वेळी लोक भयंकर प्रकार करतात. नळीचं तोंड बटाकडे, म्हणजे निशाणाच्या बांधाकडे, मॅगझिन काढलेलं, बोल्ट बाहेर. पुंगळीच्या बुडावर, ठिणगी देणाऱ्या टोपीला पिनचा खळगा दिसत होता आणि गोळीचं भोक बटावर होतं, म्हणजे ती रिकामीच, ही खात्री आधी केली. खळगा आहे पण आवाज झाला नाही असं असतं, तर तोंड बटाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबलो असतो आणि पुढचं काम गनस्मिथवर सोडलं असतं. जिवंत काडतुसावर नळीच्या तोंडाकडून गज कधीही घालायचा नाही. रिकाम्या पुंगळीसाठी मागून दोन थेंब पातळ तेल सोडलं, थोडा वेळ थांबलो. मग नळीत नीट बसेल असा पितळी गज तोंडाकडून घातला आणि वरून हलकेच टिचकारलं. तिसऱ्या ठोक्याला पुंगळी मागे पडली. स्क्रू-ड्रायव्हर घालून कड उपटायला जाल तर कड फाटेल, आणि चेंबरच्या तोंडाला ओरखडा पडला की पुढची प्रत्येक पुंगळी तिथंच अडेल.

ती पुंगळी हातात घेतली आणि तिथंच कळायला हवं होतं. तिच्या अंगावर देवीच्या वणांसारखे बारीक बारीक उंचवटे होते. चेंबरमध्ये जितके खड्डे, तितके पुंगळीवर फोड. पण मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "जुना लॉट असेल साहेब, नवा घ्या." नवा लॉट घेतला, त्याच्याकडूनच. पुंगळ्या तशाच अडकल्या. मग म्हणाला, "चेंबरला तेल लावून मारा." हे ऐकून मात्र डोक्यात घंटी वाजली. ओल्या चेंबरमध्ये पुंगळीला भिंत धरता येत नाही, ती मागे सरकते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. पलटणीत फायरिंगआधी नळी आणि चेंबर कोरडं झालंय का हे उस्ताद स्वतः बघायचा, ते काय उगीच? तेल लावायचं ते हत्यार ठेवून देताना. फायर करायच्या आधी कोरडी चिंदी.

तरीही मी रायफल त्याच्याकडे दुरुस्तीला दिली. चार हजार घेतले. आठ दिवसांनी परत आली तेव्हा चेंबर खरंच चकचकीत. दुकानातला पोरगा बोलता बोलता म्हणाला, "लेथवाल्यानं काय घासलंय!" हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि ज्याला परवाना नाही त्याच्या हाती जाणूनबुजून हत्यार देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे माझी नंबरवाली रायफल, माझ्या नकळत, कुठल्या तरी लेथवाल्याच्या टेबलावर आठवडाभर पडून होती. पैशापेक्षा मला या गोष्टीचा घाम जास्त फुटला.

पुढच्या वेळी रेंजवर पहिले चार राउंड सुळसुळीत निघाले. मी मनात दुकानदाराची माफीसुद्धा मागितली. पाचव्याला फुस्स असा आवाज आला आणि गालावर गरम फुंकर बसली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. बोल्ट उघडला तर पुंगळीचं फक्त बूड बाहेर आलं, बाकीचं नळकांडं आत.

त्या दिवशी हट्ट सोडला आणि पलटणीत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या, आर्मरर उस्तादांकडे गेलो. आता ते शस्त्रांचा परवानाप्राप्त कारागीर म्हणून काम करतात. त्यांनी आधी आतलं नळकांडं काढलं. एक साइज मोठा ब्राँझचा ब्रश मागून आत ढकलला, तो तुटक्या पुंगळीच्या पुढच्या तोंडाबाहेर गेला की मागे खेचला. तार पितळेच्या कडेला अडकली आणि नळकांडं बाहेर. यासाठी खास अवजारही मिळतं, ते काडतुसासारखं आत घालून बोल्ट बंद करायचा आणि उघडायचा. मग त्यांनी बारका टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा चेंबरमध्ये धरला. "ये देख, मेजर." क्रोम कुठलं! एमरी पेपरचे गोल गोल ओरखडे, त्यांच्या तळाशी काळे खड्डे तसेच. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. फायर झाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पावसाळ्यात पोलाद खातो. असा क्षार तेलात विरघळत नाही. आधी गरम पाण्यानं धुवायचा, वाळवायचं आणि मग तेल. कुणीतरी ते वर्षानुवर्षं केलं नव्हतं, आणि रायफल बहुधा चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवली होती. चामडं ओल धरतं. काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवली तरी हीच गत, पितळेवर हिरवं चढतं आणि तेही चेंबरमध्ये अडतं.

खड्डे काढायचे म्हणून लेथवाल्यानं चेंबर इतकं घासलं की ते सैल झालं. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट. उस्तादांनी मुठीवरचा नंबर दाखवला, तो बॉडीच्या नंबराशी जुळतच नव्हता. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट. या रायफलीत काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं. बोल्टचं तोंड आणि ती कड यांच्यात जागा जास्त राहिली की प्रत्येक फायरला पुंगळी बुडाजवळ ताणली जाते आणि शेवटी तुटते. त्यांनी माझ्या आधीच्या पुंगळ्या मागितल्या. बुडापासून बोटभर वर चकचकीत कडं उमटलेलं होतं. वाकवलेल्या बारीक तारेचं टोक आतून फिरवलं तर त्याच जागी खाच लागली. तुटणार हे त्या पुंगळ्या आधीच्या वेळेपासून सांगत होत्या. कोतमध्ये रोज सकाळी बोल्ट आणि बॉडीचे नंबर मिळवणारा मी, स्वतःच्या पैशानं घेताना फक्त बॉडीचा पाहिला.

उस्तादांनी अर्ध्या तासात जे पाहिलं ते सगळं दुकानात उभं राहून पाहता आलं असतं. टॉर्च, आरसा, कोरडी चिंदी, बोल्टचा नंबर. कापसाचा बोळा काडीला लावून चेंबरमध्ये फिरवला असता तरी धागे खड्ड्यांना अडकून राहिले असते. आणि दुकानदाराकडे त्याच रायफलीतून फायर झालेली एक पुंगळी मागायला हवी होती. "दुकानात फायर करता येत नाही" हे त्याचं बरोबरच आहे, पण पैसे देण्याआधी परवानगी असलेल्या रेंजवर पाच राउंड मारून दाखव म्हणायला काय हरकत होती? नाही म्हणाला असता तर तिथंच उत्तर मिळालं असतं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. उस्तादांचा लेखी अहवाल, दुरुस्तीची पावती आणि प्लास्टिकच्या डब्यात 11 पुंगळ्या, त्यात ती दोन तुकड्यांची. दुकानदाराच्या वकिलानं पहिल्याच तारखेला माझी सही दाखवली आणि 'माजी हवालदार' हे शब्द सावकाश, दोनदा वाचले. रायफल रीतसर पोलीस ठाण्यात जमा आहे. लेथवाल्याबद्दल मी स्वतःहून लेखी कळवलं, उद्या माझ्यावर यायला नको म्हणून.

तो फोन करणारा गडी परवा त्या दुकानात गेला होता. मी सांगितल्याप्रमाणे खिशात टॉर्च आणि आरसा घेऊन. रायफल काउंटरवर आली, यानं बोल्ट काढला आणि खिशातून आरसा बाहेर काढला. दुकानदार आरशाकडे बघत राहिला. मग रायफल उचलून आत घेतली आणि म्हणाला, "अहो, विसरलोच, ही कालच बुक झालीय."