फॅमिलिअरवर रूपांतराची स्पेल्स: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना इथेच थांबता येईल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत फॅमिलिअरवर, म्हणजे जादूने बोलावलेल्या प्राणी-सोबत्यावर, वापरायचं सगळ्यात भरवशाचं रूपांतर पॉलिमॉर्फ (एका जीवाचा दुसरा प्राणी करणारं स्पेल, म्हणजे मंत्र) नाही. ते खुद्द फाइंड फॅमिलिअर, म्हणजे फॅमिलिअरला बोलावणारं स्पेलच आहे. पॉलिमॉर्फ कामाला येतं, पण बहुतेक वेळा स्वतःच्या घुबडावर नाही, शेजारी बसलेल्या वॉरलॉकच्या (कराराने जादू मिळवणाऱ्या पात्राच्या) सोबत्यावर.

आमचा कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारा खेळ, २०१४ च्या नियमांवर चालतो. मी विझार्ड, म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेलं पात्र, खेळते. टेबलावर एक वॉरलॉक, एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणि एक पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा). माझं फॅमिलिअर म्हणजे पिंगळा नावाचं घुबड: एचपी (किती मार सोसता येतो तो आकडा) १, उडण्याचा वेग ६० फूट, अंधारात १२० फुटांपर्यंत नजर. सातव्या लेव्हलला चौथ्या दर्जाचं स्लॉट (त्या दर्जाचं एक स्पेल वापरायची मुभा) हातात आलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: पिंगळ्याचा महाकाय वानर. जायंट एप म्हणजे १५७ एचपी, कोण सोडेल?

तर ते होत नाही. पॉलिमॉर्फचं नवं रूप बीस्ट, म्हणजे साधा प्राणी, असावं लागतं आणि त्याचा चॅलेंज रेटिंग (तो किती भारी आहे याचा आकडा), म्हणजे सीआर, लक्ष्याच्या सीआरपेक्षा जास्त चालत नाही. ज्याला सीआर नसतो, त्याची लेव्हल धरतात. म्हणून सातव्या लेव्हलचा फायटर सीआर ७ चा वानर होऊ शकतो. घुबडाला मात्र सीआर आहे, आणि तो शून्य आहे. मग यादीत उरतं कोण? शेळी, हरीण, बॅजर, बबून, गिधाड, तरस. त्यातल्या त्यात दणकट म्हणावं तर तरस, एचपी ५. चौथ्या दर्जाचं स्लॉट आणि तासाभराचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला द्यावं लागणारं लक्ष, मार बसला की तुटू शकणारं) खर्चून पाच एचपी! वर फ्लायबाय (शत्रूजवळून उडून जाताना फटका न बसण्याचा गुण) जातं, उडणं जातं. आणि हल्ला तर तरीही करता येत नाही, कारण 'फॅमिलिअर हल्ला करू शकत नाही' ही अट घुबडाच्या आकड्यांमध्ये लिहिलेली नाही, ती फाइंड फॅमिलिअरच्या मजकुरात आहे. रूप बदललं तरी ती सुटत नाही. १०० फुटांपर्यंतचं मनातल्या मनात बोलणं आणि त्याच्या डोळ्यांनी पाहणं टिकतं, तेही याच न्यायाने.

शून्य सीआरच्या यादीत जायंट फायर बीटल नावाचा चमकणारा किडा आहे. त्याचा लख्ख उजेड १० फूट, पुढे १० फूट मंद. लाइट ही कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारं फुकटचं स्पेल, २० आणि २० देते. यापुढे मी काही लिहीत नाही.

एकदा शेळीचा उपयोग झाला. दरोडेखोरांच्या तळावर शेळ्यांचा कळप होता आणि रात्रीची वाट न बघता, भर दुपारी त्यांच्या सरदाराच्या तंबूपाशी कान लावून बसायचं होतं. कळपात एक शेळी वाढलेली कुणाच्या लक्षात येत नाही. माहिती मिळाली, टेबलावर हशाही भरपूर झाला. पण तेवढ्या कामाला उंदीरही पुरला असता, आणि उंदीर दहा सोन्याच्या नाण्यांत मिळतो.

तेच सांगायचं आहे. फॅमिलिअर आधीच सोबत असताना फाइंड फॅमिलिअर पुन्हा केलं, तर तेच फॅमिलिअर नवं रूप घेतं. खर्च दहा नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती, पितळी शेगडीत जाळायला. वेळ एक तास, रिच्युअल म्हणून केलं तर दहा मिनिटं जास्त आणि स्लॉट शून्य. कॉन्सन्ट्रेशन नाही, मुदत नाही. तळघरात शिरायच्या आधी कोळी, नदीकाठी ऑक्टोपस किंवा मासा, शहरात मांजर किंवा कावळा. कावळा ऐकलेल्या आवाजांची नक्कल करतो, आणि पहारेकऱ्याला दुसऱ्याच दिशेला पाठवायला तेवढं बास होतं. मुक्कामाच्या ठिकाणी पुढच्या दिवसाचं रूप ठरवणं ही आता माझी सवयच झाली आहे. फक्त यादी ठरलेली आहे आणि घाईच्या वेळी तासभर कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो.

घाईसाठी एन्लार्ज/रिड्यूस, म्हणजे मोठं किंवा लहान करणारं स्पेल. दुसऱ्या दर्जाचं, एक मिनिट, कॉन्सन्ट्रेशन. लोक हे फायटरच्या तलवारीसाठी ठेवतात. मला ते घुबडासाठी आवडायला लागलं, त्याचं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. वाहून नेण्याची क्षमता म्हणजे ताकदीच्या पंधरापट पौंड. घुबडाची ताकद ३, म्हणजे ४५. पण टायनी, म्हणजे सगळ्यात लहान, आकाराला त्याच्या निम्मं, म्हणजे साडेबावीस. नियमांप्रमाणे रिकामी पेटी २५ पौंडांची. नेमकी तेवढ्यासाठी अडते! एन्लार्जने घुबड टायनीचं स्मॉल (एक पायरी मोठं) होतं, निम्मं करण्याची अट जाते आणि पूर्ण ४५ पौंड उचलता येतात. एका मिनिटात दहा राउंड (फेऱ्या), वेग राउंडला ६० फूट. डॅश, म्हणजे दुप्पट अंतर, केलं तर दरीपलीकडून पेटी आणायला वेळच वेळ. आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) एवढंच विचारलं की पेटी पंजात धरणार कशी, आणि कडीला दोर बांधल्यावर मान डोलावली. तुमचा डीएम उडत्या प्राण्याला वेगळा हिशेब लावत असेल, तर आधीच विचारून घ्या. रिड्यूसचा उपयोग मला फारसा दिसला नाही. टायनीच्या खाली आकारच नाही. गजांमधली फट घुबडाला फारच अरुंद असली, तरच.

आता पॉलिमॉर्फची खरी जागा. आमच्या वॉरलॉककडे पॅक्ट ऑफ द चेन (खास फॅमिलिअर देणारा करार) आहे, आणि त्याने इम्प (छोटा सैतान) न घेता स्यूडोड्रॅगन (छोटा ड्रॅगन) घेतला होता. सीआर पाव. इम्प आणि क्वासिट (छोटा राक्षस) यांचा सीआर १ आहे, कागदावर तेच मोठे दिसतात. पण दोघेही शेपचेंजर (स्वतः रूप बदलणारे) आहेत आणि शेपचेंजरवर पॉलिमॉर्फ चालतच नाही. स्यूडोड्रॅगनकडे मॅजिक रेझिस्टन्स (जादूला विरोध) आहे, तरी तो स्वखुशीने तयार असला की सेव्हचा, म्हणजे स्पेल टाळायच्या फाशाचा, प्रश्नच येत नाही.

आणि सीआर पावच्या यादीत जायंट आउल आहे.

लार्ज आकार, १९ एचपी, उडण्याचा वेग ६०, शिवाय फ्लायबाय. स्वार होण्यासाठी प्राणी स्वारापेक्षा एक आकार मोठा लागतो, आणि हा तसा आहे. ताकद १३, लार्ज म्हणून क्षमता दुप्पट, म्हणजे ३९० पौंड: चिलखत, दोर, लुटीची पोती सगळं धरून माणूस आरामात. तासभर! फ्लाय हे तिसऱ्या दर्जाचं स्पेल हाच वेग देतं, पण दहा मिनिटंच. किल्ल्याच्या वेढ्यात आम्ही हे पहिल्यांदा नीट वापरलं. मी दगडाआड बसून कॉन्सन्ट्रेशन सांभाळत होते, वॉरलॉक वर. फ्लायबायमुळे घुबड तटावरच्या भालेवाल्यांच्या टप्प्यातून बाहेर पडलं तरी अपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्यातून निघताना बसणारा फटका) नाही, आणि अटॅक नाही म्हणजे स्वारावरही नाही. तो आत शिरायचा, एल्ड्रिच ब्लास्ट (वॉरलॉकचा जादूचा मारा) मारायचा, बाहेर पडायचा. तिसऱ्या राउंडला एका गॉब्लिनने मला शोधून काढलं आणि बाण मारला. सात डॅमेज, कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह डीसी १०, म्हणजे किमान दहा यायला हवे. तेव्हा वॉरलॉक ८० फूट वर होता. पॉलिमॉर्फ तुटलं असतं तर घुबडाचा पुन्हा मांजराएवढा स्यूडोड्रॅगन झाला असता आणि पडण्याच्या डॅमेजचे सहा बाजूंचे आठ फासे. वॉरलॉक खेळणारा माझ्या फाशाकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मी विसरणार नाही. बारा आले. त्यानंतर त्याने फेदर फॉलची (हळू पडू देणारी) अंगठी शोधायचा हट्टच धरला.

थोडक्यात, कॉन्सन्ट्रेशन स्वाराकडे नको, जमिनीवर लपलेल्या माणसाकडे हवं. वॉरलॉकला स्कल्प्टर ऑफ फ्लेश ही पॉलिमॉर्फ देणारी क्षमता घेऊन हे स्वतःही करता येतं, पण मग वर उडणारा आणि मार खाणारा एकच होतो. लांडगा हा पर्यायही पाव सीआरमध्ये बसतो, आणि चेनच्या वॉरलॉकला आपला एक हल्ला सोडून सोबत्याकडून हल्ला करवता येतो. तरी नको. स्यूडोड्रॅगनच्या नांगीचं विष शत्रूला बेशुद्ध पाडू शकतं. ते देऊन चावा घेण्यात काय अर्थ?

पॅलाडिनच्या घोड्याचं पटकन सांगते. फाइंड स्टीड या स्पेलने आलेल्या वॉरहॉर्सचा (युद्धाच्या घोड्याचा) सीआर अर्धा, आणि जायंट सी हॉर्सचाही (महाकाय समुद्री घोड्याचाही) अर्धा. पोहण्याचा वेग ४०. चिलखतासकट पॅलाडिन नदीपार. फक्त तो प्राणी श्वास पाण्यातच घेतो, तेव्हा काठाला लागताच कॉन्सन्ट्रेशन सोडा.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद झाला जायंट इन्सेक्टवरून. ड्रुइडचं चौथ्या दर्जाचं स्पेल, तीन कोळ्यांपर्यंत महाकाय करतं आणि त्यात सीआरची अट नाही. मी पिंगळ्याला आदल्या रात्री कोळी करून ठेवलं होतं. फॅमिलिअर बीस्ट नसतं, ते फे, सेलेस्टियल किंवा फीन्ड (परी, स्वर्गीय किंवा सैतानी जातीचं) असतं. पण स्पेलच्या मजकुरात 'कोळी' आहे, 'बीस्ट' नाही, हा आमचा मुद्दा. डीएमने मान्य केलं आणि लगेच दुसरं दार लावलं: चावा हा हल्ला, जाळं फेकणं हाही रेंज्ड वेपन अटॅक (लांबून केलेला हल्ला), तेव्हा दोन्ही बंद. मला तो निर्णय पटला. कारण उरलं ते पुष्कळ होतं: २६ एचपीचा लार्ज कोळी, छतावरून उलटा चालणारा, दहा मिनिटं. त्यावर बसून ड्रुइडने अख्खा सापळ्यांचा दालन-मार्ग वरून पार केला.

ट्रू पॉलिमॉर्फचं नवव्या दर्जाचं स्लॉट यासाठी कुणी ठेवू नये. सजीवाचा सजीव करताना सीआरची तीच अट तिथेही आहे. ॲनिमल शेप्स मात्र वेगळं दिसतं: आठवा दर्जा, सीआर ४ पर्यंतचा, लार्ज किंवा लहान बीस्ट, आणि लक्ष्याचा सीआर विचारातच घेत नाही. आमचा ड्रुइड पंधराव्या लेव्हलला पोचला की पिंगळ्याचा गेंडा होणार, हे ठरलं आहे.

जुन्या ३.५ आवृत्तीतले खेळाडू यावर हसतात. तिथे हिट डाइसच्या (जीव किती दणकट ते मोजणाऱ्या फाशांच्या) हिशेबाला फॅमिलिअरसाठी मालकाची लेव्हल धरायचे, त्यामुळे उंदराचाही ट्रोल व्हायचा. पण फॅमिलिअर मेलं की एक्सपी (अनुभवाचे गुण) कापले जायचे आणि नवं मिळायला एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागायचं. दहा नाण्यांचं घुबड मला त्यापेक्षा परवडतं.

२०२४ च्या नियमांवर असाल तर तीन बदल ध्यानात ठेवा. पॉलिमॉर्फ आता नव्या रूपाचे एचपी टेम्पररी, म्हणजे तात्पुरते, म्हणून देतं. जायंट इन्सेक्ट नवा किडा बोलावतं, असलेला मोठा करत नाही, म्हणजे कोळ्याची युक्ती संपली. आणि जायंट आउल आता बीस्ट नाही, सेलेस्टियल आहे. तिथे जायंट बॅट घ्या. तेही लार्ज आहे आणि वेगही ६० आहे, फक्त फ्लायबाय नाही. आमच्या वॉरलॉकने हे वाचल्यापासून हा कॅम्पेन संपेपर्यंत नियम बदलायचे नाहीत, असा ठराव मांडला आहे.