प्रिंटर शेअरिंगसाठी विंडोज डिफेंडर फायरवॉल: पुरेशी, पण प्रोफाइल सांभाळा

घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या नेटवर्कवर प्रिंटर शेअर करायला विंडोजसोबत येणारी फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी-जाणारी वाहतूक अडवणारी किंवा सोडणारी यंत्रणा) पुरते. वेगळी विकत घ्यायची गरज नाही. अडतं ते बहुधा प्रोफाइलपाशी, म्हणजे नेटवर्क विश्वासाचं (‘प्रायव्हेट’) की परकं (‘पब्लिक’) हे सांगणाऱ्या सेटिंगपाशी. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर शेअरिंगचे नियम सहसा बंदच असतात, म्हणून आधी सेटिंग्जमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा. मग फायरवॉलच्या ‘अलाऊ अॅन अॅप’मध्ये ‘चेंज सेटिंग्ज’ दाबून ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’समोर फक्त प्रायव्हेटची खूण करा. पब्लिकची खूण कृपा करून करू नका. कॅफेच्या वायफायवर तेच दार उघडं राहतं.

‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हा तयार नियमसंच या फायरवॉलची खरी जमेची बाजू. हाताने नुसता टीसीपी ४४५ हा फाइल शेअरिंगचा पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) उघडणारे हमखास फसतात, कारण विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीपासून छपाई मुळात आरपीसी ओव्हर टीसीपीवर (एका संगणकाने दुसऱ्याकडून काम करून घेण्याच्या पद्धतीवर) चालते. त्याला पोर्ट १३५ आणि स्पूलरचे (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या सेवेचे) बदलते पोर्टही लागतात. संचात ते आहेत.

खटकतं एकच: अडवलं तरी सूचना बहुधा मिळत नाही, प्रिंटर नुसता ‘ऑफलाइन’ दिसतो. ०x०००००११बी ही त्रुटी मात्र फायरवॉलची नाही, ती स्पूलरच्या सुरक्षा अपडेटमुळे येते. त्यासाठी फायरवॉल बंद करू नका, दोन्ही संगणक अपडेट करा.